मामांचं सोयाबीन, भाचीचा टोफू

माझे मामेसासरे निलंग्याकडचे शेतकरी. खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा आणि दावणीला कायम एक-दोन म्हशी. माझी बायको त्यांची लाडकी भाची, आणि तिनं दूध, दही, तूप, पनीर सगळं सोडलेलं आहे. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, त्यामुळे भांडण अगदी मोकळ्या मनानं चालतं. पुण्यात आमच्याकडे एका रविवारी टोफूची दाटसर रस्साभाजी होत असताना त्यांच्यात जे बोलणं झालं, ते इथे देतो आहे. माझ्याकडे कांदा चिरायचं काम होतं. जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

मामा : हे पांढरं काय आहे ते सांग आधी. पनीर म्हणू नकोस.

भाची : नाही म्हणत. टोफू आहे, आणि तुमच्याच रानातला आहे. गेल्या खेपेला दळणात घालायला म्हणून सोयाबीनची पिशवी दिली होतीत ना, त्यातला.

मामा : दळणात घालायलाच दिली होती. पाच किलो गव्हाला अर्धा किलो सोयाबीन, पोळी जरा मऊ होते. त्याच्या पलीकडं आमच्याकडं कुणी खात न्हाई ते. मोंढ्यात न्यायचं, काट्यावर टाकायचं, पट्टी घ्यायची, घरी यायचं.

भाची : तेच मला नवल वाटतं. सोयाबीनचा सौदा म्हटलं की लातूरचं नाव पहिल्या दोन-चारांत येतं, आणि पिकवणाऱ्याच्या ताटात त्याचा दाणा नाही.

मामा : ताटासाठी पेरलंच कुणी? नव्वदच्या दशकात जेएस-३३५ वाण आलं. शंभर दिवसांत रान मोकळं, दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा, मागं हरभऱ्याला जागा. मूग, उडीद, हायब्रीड ज्वारी हळूहळू बाजूला गेली, करडई तर दिसंनाशी झाली. आता फुले संगम पेरतो. दाण्यात तेल अठरा-वीस टक्के. तेल मिलवाला काढतो, पेंड कोंबडीला जाते. आम्ही त्याच्याकडं खाण्याची वस्तू म्हणून बघितलंच न्हाई. नगदी पीक. आणि नगदी तरी कुठं? २०२४ च्या हंगामाला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या खालीच सौदे. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावाला माल परत पाठवायला मोकळा.

भाची : तेल वीस टक्के म्हणालात, पण प्रथिनं चाळीस टक्के आहेत त्यात. ती कोंबडी खाते.

मामा : आणि कोंबडी माणूस खातो. म्हणजे पोचली की जिथल्या तिथं.

(मामा माळकरी नाहीत, पण घरात मांसाहार नाही. हे वाक्य त्यांनी केवळ जिंकण्यासाठी टाकलं होतं.)

भाची : गांधीजींनी वर्ध्याला, मगनवाडीत, १९३५ साली सोयाबीन शिजवून आश्रमातल्या लोकांना जेवणात वाढून बघितलं होतं. ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलंही. विदर्भात, मराठवाड्यात सोयाबीनचा पेरा दिसायच्या कितीतरी आधीची गोष्ट. स्वस्तात प्रथिनं मिळतील का, हाच त्यांचा प्रश्न होता. आणि दूध तर त्यांनी १९१२ लाच सोडलं होतं, आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर.

मामा : आणि परत कधी घेतलं तेही सांग.

भाची : ...

मामा : मी शाळेत असताना आत्मकथा वाचलीय. १९१८ ला आजारी पडले, मरणाच्या दारात गेले. डॉक्टर म्हणाला दूध घ्या. हे म्हणाले, व्रत आहे. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, शेळीचं कुठं होतं? झालं. शेवटपर्यंत शेळी.

भाची : पण ती पळवाट होती हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मनाला लागून राहिलं होतं त्यांच्या.

मामा : लागून राहिलं, पण दूध घेतलं. एवढंच म्हणायलोय मी.

इथे एक गुण मामांना द्यायला हवा. पण वादाला रंग चढण्याआधी गॅसवर काय चाललं होतं ते सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. घरी केलेला टोफू पुष्कळांना आवडत नाही तो त्याच्या वासामुळे. कच्च्या शेंगेसारखा, जरा मातकट असा तो वास सोयाबीन वाटताना तयार होतो. दाणा फुटला, पाणी लागलं की त्यातलं एक विकर तेलावर काम करायला लागतं, आणि त्यातून तो दर्प येतो. विकराला उष्णता सोसत नाही. म्हणून रात्रभर भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात न वाटता उकळत्या पाण्यात वाटायचं. साधा उपाय आहे, पण मिक्सरचं झाकण गच्च धरून, मध्ये मध्ये वाफ सोडून करावा लागतो; नाहीतर उकळतं पाणी अंगावर उडतं.

मामा : वाटलं, गाळलं, मग लगेच लिंबू पिळलं की झालं ना? दूध नासवतो तसं.

भाची : आधी उकळायचं. गाळलेलं दूध दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळू द्यायचं, ढवळत. पटकन वर येतं आणि बुडाला लागतंही. कच्चं सोयाबीन पचत नाही.

मामा : ते मला नको सांगू. कच्चं कोंबडीलाही चालत न्हाई. पेंडसुद्धा उष्णता दिलेलीच लागते. आमच्याकडं एकदा गंजीवर सुटलेलं जनावर सोयाबीन खाऊन फुगलं होतं.

भाची : तेच. मग गॅस बंद करून पाच मिनिटं थांबायचं आणि लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घालायचा. हिरवट पिवळं पाणी वेगळं झालं की ढवळणं बंद. मलमलीच्या फडक्यात ओतायचं, वर वरवंटा ठेवायचा. लिंबानं होतो तो जरा भुसभुशीत आणि किंचित आंबट. बाजारातला घट्ट, गुळगुळीत असतो, कारण तिथे कॅल्शियमचे नाहीतर मॅग्नेशियमचे खाण्याचे क्षार वापरतात. कॅल्शियमच्या क्षारानं केलेला असेल तर त्यातून कॅल्शियमही मिळतं. लिंबाच्या टोफूतून तेवढं मिळत नाही.

मामा : म्हणजे दुकानातला चांगला, तुझा दुय्यम.

भाची : या बाबतीत, हो.

माझी बायको वादात हार मानत नाही. पण वस्तुस्थिती मात्र लगेच मानते. मामांना हे माहीत आहे, म्हणून ते तिला नेहमी वस्तुस्थितीतच पकडायला बघतात. पुढचा डाव त्यांनी रश्श्यावर टाकला.

मामा : आता रस्सा कसला?

भाची : माखनीसारखा. लाल, गुळगुळीत, दाट.

मामा : लोणी न्हाई, साय न्हाई, क्रीम न्हाई. ज्या रश्श्याचा जीव लोण्यात, त्यातलं लोणीच काढलंस, मग उरलं काय? टमाटं.

भाची : काजू. पंधरा-वीस काजू, दोन कांदे, चार टोमॅटो, आलं, सात-आठ लसणीच्या पाकळ्या, दोन वेलदोडे, दोन लवंगा, तीन-चार काश्मिरी मिरच्या. सगळं एकत्र, थोड्या पाण्यात, काजू बोटानं दाबला की मोडेल इतकं शिजवायचं. कांदा परतायचा नाही. परतला की रंग तपकिरी होतो आणि चव दुसरीकडेच जाते. गार करून वाटायचं, पुरणाच्या नाही, पिठाच्या चाळणीतून गाळायचं.

मामा : काजू काय भावानं आणलेत?

मी : आणले नाहीत, आईनं वेंगुर्ल्याहून पाठवलेत.

मामा : जावईबापू, फुकट आले म्हणून स्वस्त झाले का? बाजारात शेंगदाण्याच्या पाच-सहा पट पडतात. लातूरच्या माणसानं वेंगुर्ल्याचे काजू घालून दिल्लीची भाजी करायची. आमच्या घरातलं काय घातलंस त्यात? एक सोयाबीन. आणि तेही चिनी लोकांसारखं करून.

भाची : काजू तरी कुठे आपला होता? पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. आणि टोमॅटो, आणि मिरची? हे धरून बसलात तर तुमच्या ठेच्यातही काय उरतं ते सांगा.

मामा : मीठ.

हसणं झालं. पण मामांचा मुद्दा हसून उडवण्यासारखा नव्हता. त्याकडे मी येणार आहे. आधी काजूबद्दल. लोणी-क्रीम काढल्यावर त्यांची जागा काजू घेऊ शकतो तो केवळ तेलकट आहे म्हणून नव्हे. त्यात जवळजवळ निम्मी चरबी असतेच, शिवाय पिष्टही बऱ्यापैकी असतं. बदामात किंवा अक्रोडात ते नसल्यासारखंच. म्हणून काजूचं वाटण शिजताना घट्ट होत जातं आणि तेल व पाणी धरून ठेवतं. आंबट टोमॅटोत ते फाटत नाही. काही हौशी मंडळी क्रीमच्या जागी सोयाबीनचं दूध टोमॅटोच्या रश्श्यात ओततात आणि त्याचे बारीक कण झालेले बघून गोंधळतात. त्यात गोंधळण्यासारखं काही नाही. आंबट घातल्यावर सोयाबीनचं दूध फाटणारच; टोफू तसाच तर होतो. नारळाचा घट्ट रस चालतो, पण अगदी शेवटी आणि खळखळ न उकळता. शिवाय नारळ आला की भाजी कोकणाच्या वाटेला लागते. माखनीची चव मग मिळत नाही.

काजूच्या रश्श्याची खोड म्हणजे तो बुडाला लागतो आणि जाड बुडबुडे फोडत हातावर उडतो. मंद आचेवर, ढवळत, अर्धवट झाकण ठेवून शिजवायचा. ताटात वाढेपर्यंत आणखी घट्ट होतो, म्हणून गॅसवरून उतरवताना तो हवा त्यापेक्षा पातळ दिसला पाहिजे.

मामा : तेल किती घातलंस?

भाची : चार चमचे. मोठे.

मामा : मला वाटलं, तुमच्या या पंथात तेलपण वर्ज्य असतं.

भाची : पंथ नाही तो. आणि दूधही नको, तेलही नको असं केलं की भाजी दवाखान्यातली होते. मिरचीचा रंग, गरम मसाल्याचा वास, कसुरी मेथी, हे सगळं तेलात उतरतं. लोणी काढलं तर तेवढं तेल घालायला हवं. तुम्ही आणलेलं घाण्याचं करडईचं तेल घातलंय.

मामा : (जरा थांबून) मग चांगली होईल.

त्यानंतर टोफूचे तुकडे. पॅकेटातला असो की घरचा, त्यात पाणी भरपूर असतं. तेला-मसाल्यात मुरवत ठेवला तरी तेल पाण्यात शिरत नाही. मसाला बाहेरच राहतो. आत शिरतं ते मीठ. म्हणून बायकोनं तुकडे करून चांगल्या खारट, कढत पाण्यात पाव तास ठेवले, मग फडक्यावर निथळू दिले, आणि लोखंडी तव्यावर थोड्या तेलात, न हलवता, एकेक बाजू सोनेरी होईपर्यंत परतले. न हलवणं सर्वांत अवघड. प्रत्येकाला उलथनं घालावंसं वाटतं. तुकडा तव्याला चिकटलेला वाटतो. त्याची साल झाली की आपणहून सुटतो. काही जण टोफू आधी फ्रीजरमध्ये गोठवून मग वितळवतात. त्यानं तो जाळीदार होतो आणि रस्सा आत ओढतो. मला तो चावायला जरा रबरी वाटतो, बायकोला आवडतो.

तवा चालू असतानाच वाद दुधाकडे वळला. वळणारच होता.

मामा : एक विचारतो. तुझ्या आईचं डी.एड. कशावर झालं?

भाची : म्हशीच्या दुधावर. लहानपणापासून ऐकतेय.

मामा : ऐकतेस, पण हिशेब करत न्हाईस. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा, तोही पाऊस आणि मोंढा देतील तेवढा. दुधाचा पगार दर दहा दिवसाला. फी, दवाखाना, किराणा सगळं त्याच्यावर. शेण रानात जातं. तुम्ही शहरातली चार माणसं दूध सोडलंत तर आमचं काही बिघडत न्हाई, पण तुम्ही ते पुण्य म्हणून सांगायला लागलात की राग येतो.

भाची : मी कुणाला पुण्य म्हणून सांगत नाही. मी सुट्टीत तुमच्याकडे यायची तेव्हा गोठ्यात काय बघितलं तेवढंच सांगते. म्हैस व्याली आणि टोणगा झाला की घरातली तोंडं उतरायची. धार काढायच्या वेळी त्याला सोडायचं, म्हशीला पान्हा फुटला की ओढून खुंटीला बांधायचं. दोन-तीन महिन्यांत तो वाळत जायचा. एक दिवस नसायचाच. मी विचारलं की आजी म्हणायची, दिला कुणाला तरी.

मामा : (बराच वेळ गप्प) टोणगं कोण पोसतंय? औताला आता ट्रॅक्टर आलाय. देवणी गाईचा गोऱ्हा म्हणशील तर त्याला एके काळी मान होता, पोळ्याला झूल असायची. आता त्यालाही गिऱ्हाईक न्हाई. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हातारा बैल विकायचीही सोय राहिली न्हाई. तू बोलतेस ते खोटं न्हाई.

भाची : मग?

मामा : मग काय? खोटं न्हाई म्हटलं. म्हैस विकतो असं न्हाई म्हटलं.

मला वाटतं, हे त्या दुपारचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य होतं. शहरातल्या व्हीगन लोकांची नि त्यांची टर उडवणाऱ्यांची भांडणं मी ऐकली आहेत. त्यात एका बाजूला परदेशी माहितीपट असतात आणि दुसऱ्या बाजूला ‘आपली संस्कृती’. गोठ्यात उभं राहिलेलं माणूस सहसा नसतं. इथे दोन्ही बाजूंना तीच माणसं होती, आणि गोठाही एकच.

मामा : येळवशीला येणार का न्हाई यंदा?

भाची : येणार की.

मामा : आंबील पिणार का? ताकातली असते.

भाची : (काहीच बोलली नाही.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडे डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या या दिवशी गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली ज्वारीची आंबील. हिरव्या शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या डाळीच्या पिठात शिजवून केलेली ती भज्जी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा इतकं मऊसूत काही दुधा-लोण्याशिवाय होऊ शकतं यावर विश्वास बसला नव्हता. पण मामांनी भज्जीचं विचारलंच नाही. आंबिलीचं विचारलं. आणि त्याला उत्तर नव्हतं.

भाची : तुमची आजी बिदरकडची ना? ती कुसुबी हुग्गी करायची म्हणून आई सांगायची.

मामा : करायची. करडई वाटून, पाण्यात कालवून, पिळून दूध काढायचं. त्यात गहू आणि गूळ. गोठ्यात म्हशी असताना करायची बरं का. दूध न्हाई म्हणून न्हाई, त्याची चवच वेगळी म्हणून.

भाची : मग मी काय वेगळं करतेय?

मामा : तू पनीर न्हाई म्हणून टोफू घालतेस. आजी हुग्गीला हुग्गी म्हणून करायची. कशाचं सोंग आणत नव्हती. हा फरक आहे बाई.

मघाशी ज्या मुद्द्याकडे येतो म्हणालो, तो हाच. नवलाची गोष्ट म्हणजे मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. उठून ओट्यापाशी आले. निम्मा टोफू त्यांनी बाजूला काढायला लावला, बॅगेतून येसराची पुडी काढली आणि मला दाणे भाजायला बसवलं. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला जी येसर आमटी होते ती त्याची. दाटपणाला त्यात मुळातच दुधाची गरज पडत नाही.

त्यांची कृती त्यांच्याच पद्धतीनं, म्हणजे मापाशिवाय, देतो. मूठभर दाणे मंद भाजून, सोलून, कढत पाण्यात भिजवायचे आणि मिक्सरमध्ये अगदी गंधासारखे बारीक वाटायचे. कूट नको, कूट केलं की रस्सा रवाळ होतो. एक कांदा जाळावर भाजून, सुक्या खोबऱ्याचा तुकडा आणि चमचाभर तीळ परतून, बरीचशी लसूण घालून त्याचं वाटण. तेलात आधी वाटण, तेल सुटलं की दाणे, मग पाण्यात कालवलेलं येसर. गुठळी होऊ द्यायची नाही. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ. वीस मिनिटं उकळी. टोफूचे परतलेले तुकडे शेवटी.

भाची : मामा, यात तुम्ही बटाटा घातलात तरी तितकंच छान लागेल. चव सगळी येसराची आणि लसणीची. टोफू कशाला मग?

मामा : मग बटाटा घालायचा. मी कुठं म्हटलं टोफूच घाला?

भाची : बटाट्यात प्रथिनं नसल्यासारखीच.

मामा : हां. हे आलं खरं कारण. पनीरासारखं लागावं म्हणून न्हाई, पोटाला काही मिळावं म्हणून. मग त्याला तसंच वागव की. डाळीसारखं. डाळीला आपण कधी म्हणत न्हाई, तू मटणासारखी लाग.

जेवायला बसलो. दोन्ही रस्से समोर. आता मी निवाडा देतो, जावई म्हणून नव्हे, खाणारा म्हणून. माखनी दिसायला देखणी होती. काजूनं रस्सा रेशमी केला होता, काश्मिरी मिरचीचा रंग उतरला होता, कसुरी मेथी बरोबर. रस्सा पोळीला लावून खाल्ला तर डोळे मिटून कुणीही लोणी आहे म्हणावं. पण तुकडा तोंडात गेला की मन आपोआप पनीर शोधायला लागायचं आणि ते सापडायचं नाही. पनीरला दुधाच्या स्निग्धपणाची एक किंचित गोडी असते. टोफूला ती नाही आणि येणारही नाही. येसराच्या रश्श्यात असं काही शोधावंच लागलं नाही. तिथे टोफू म्हणजे रश्श्यातला मऊ, भरीव तुकडा, बास. दाण्यांचा दाटपणा काजूपेक्षा रांगडा, जिभेला थोडा जड, पण भाकरीबरोबर तो पातेल्याच्या तळापर्यंत गेला. माझ्या मते टोफूला बरी जागा तीच.

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीचं मत वेगळं पडलं. तिनं माखनीतले तुकडे संपवले आणि येसरातला एक खाऊन ‘हे तिखट आमटीतलं आहे’ म्हणून परत केलं. मामांनी ते मनाला लावून घेतलं. भाचीनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण मुलीला आणखी एक डाव वाढला.

मामा : पोरीला दूध देतेस का न्हाई?

भाची : ती पिते. हे माझं आहे, तिच्यावर लादलेलं नाही. तिचं तिनं ठरवायचं.

मामा : आणि तू? बी-१२ का काय ते असतं म्हणे, ते झाडपाल्यात नसतं.

भाची : नसतं. गोळी घेते. तपासूनही घेते. दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही ते पुष्कळदा कमी निघतं, मामा. तुम्हीही एकदा तपासून घ्या.

मामा : मी रोज लिटरभर ताक पितो.

भाची : म्हणूनच म्हणते, तपासा. कळेल तरी.

भांडी आवरताना मामांची नजर ओट्यावरच्या पातेल्याकडे गेली. सोयाबीनचं दूध गाळून उरलेला चोथा त्यात होता, चांगला दोन वाट्या.

मामा : याचं काय करतेस?

भाची : ज्वारीच्या पिठात घालून संध्याकाळी थालीपीठ. कांदा, ओवा, तीळ. मऊ होतं.

मामा : थालीपीठ! हे माझ्या म्हशीसमोर ठेवलं तर पातेलं चाटून पुसून ठेवंल. शिजवलेलं आहे का हे?

भाची : नाही, गाळल्यावर राहिलेलं. शिजवावं लागेल.

मामा : शिजव मग. डब्यात भरून दे, उद्या पहाटेच्या गाडीनं जातो. एक रात्र फ्रीजमध्ये टिकंल.

भाची : म्हणजे माझ्या टोफूच्या चोथ्यावर तुमची म्हैस दूध देणार.

मामा : आणि तू ते पिणार न्हाईस. त्याला मी काय करू?

शेवटी निम्मा चोथा थालीपिठाला गेला आणि निम्मा डब्यात. डबा कुणाचा, परत कधी येणार, यावर दोघांचं पुन्हा सुरू झालं तेव्हा मी दाण्याची सालं पाखडायला गॅलरीत गेलो.